घरचा रोजमेळ : पाण्यातला पाहुणा आणि त्याची दुखणी



या सदरात आपण आजवर घरखर्च, भावाभावांतील वाटणी, वडीलधाऱ्यांचे औषधपाणी अशा विषयांवर बोलत आलो. या महिन्याचा विषय वाचून काहींना हसू येईल. परंतु ज्यांच्या घरी तो उपस्थित झाला आहे, त्यांना तो मुळीच हसण्यावारी नेण्याजोगा वाटणार नाही. आपल्या समाजातील अनेक घरांत आता शोभेच्या मासोळ्यांच्या जागी एक परदेशी जलचर येऊ लागला आहे. त्याचे नाव अ‍ॅक्सोलॉटल. आमच्या सणसवाडीच्या घरी तो गेल्या फेब्रुवारीत आला आणि त्यानंतरच्या चार महिन्यांत त्याने आम्हाला जे शिकविले, ते आपल्यापुढे ठेवणे मला कर्तव्य वाटते.

माझा नातू तेरा वर्षांचा. माइनक्राफ्ट या संगणकीय खेळात २०२१ पासून हा प्राणी दिसू लागला आणि तेव्हापासून जगभरच्या मुलांना त्याचे वेड लागले. आमचा नातूही त्यातलाच. वार्षिक परीक्षेत चांगले गुण मिळव, मग पाहू, असे कोणीतरी बोलून गेले आणि मुलाने ते मनात धरून ठेवले. अखेर चिरंजीव पुण्याहून येताना प्लास्टिकच्या पिशवीत सहा सेंटिमीटरचे एक पिल्लू घेऊन आले. रंग फिका गुलाबी, डोळे काळेभोर, आणि मानेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन लालसर पिसाऱ्यांसारखे कल्ले. त्या कल्ल्यांच्या रंगावरून नातवाने त्याचे नाव पोवळे ठेवले. पोवळ्याबरोबर काचेची टाकी, रंगीत खडे आणि एक फिल्टर आला. पावती मात्र आली नाही. आयुष्यभर दुकानात बसून प्रत्येक खिळ्याची पावती फाडणाऱ्या माणसाने त्याच क्षणी सावध व्हायला हवे होते. पण नातवाच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून मी गप्प राहिलो. त्या पावतीकडे पुढे परत येईन.

हा प्राणी मासा नाही. बेडकाप्रमाणे तो उभयचर वर्गातला. सॅलमँडर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कुळातला. बेडकाचे पिल्लू मोठे होताना कल्ले टाकून जमिनीवर येते. अ‍ॅक्सोलॉटल मात्र प्रौढ झाला, त्याला संतती झाली, तरी कल्ल्यांसह पाण्यातच राहतो. जणू त्याचे बालपण कधी सरतच नाही. त्याचे मूळ घर मेक्सिको शहराजवळील सोचिमिल्को येथील थंड पाण्याचे कालवे. १८६४ मध्ये तेथून चौतीस प्राणी पॅरिसला नेण्यात आले. त्यांतल्या काहींपासून ऑगुस्त द्यूमेरिल या शास्त्रज्ञाने पैदास केली आणि पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत व घरांत पोहोचलेल्या प्राण्यांपैकी पुष्कळांची वंशावळ त्या मूठभर प्राण्यांपाशी जाऊन पोहोचते. तुटलेला पाय, शेपटी, इतकेच नव्हे तर हृदयाचा व मज्जारज्जूचा काही भागही तो पुन्हा घडवितो, म्हणून शास्त्रज्ञांना त्याचे मोल. दैवदुर्विलास असा की, लाखोंच्या संख्येने काचेच्या पेट्यांत जगणारा हा जीव स्वतःच्या घरी संपत चालला आहे. सोचिमिल्कोत १९९८ च्या पाहणीत दर चौरस किलोमीटरला सुमारे सहा हजार अ‍ॅक्सोलॉटल होते. २०१४ च्या पाहणीत ती संख्या छत्तीसवर आली होती.

आता आमच्या चुका सांगतो, कारण त्या बहुतेक घरांत याच क्रमाने होतात.

पहिली चूक पाण्याची. आमच्या घरी बोअरचे पाणी येते आणि पिण्यासाठी आर. ओ. यंत्र आहे. सर्वांत शुद्ध ते सर्वांत उत्तम, या समजुतीने सूनबाईंनी टाकी आर. ओ. च्या पाण्याने भरली. सौभाग्यवतींचे म्हणणे, उकळून गार केलेले पक्के पाणी घालावे. दोन्ही सूचना प्रेमापोटी होत्या आणि दोन्ही चुकीच्या होत्या. आर. ओ. च्या पाण्यातील क्षार निघून गेलेले असतात आणि या प्राण्याच्या पातळ त्वचेला व कल्ल्यांना पाण्यात काही क्षार असणे आवश्यक असते. उकळलेल्या पाण्यातील विरलेला प्राणवायू निघून जातो. ते पाणी हवेशी पुन्हा पुरेसे मिसळल्याशिवाय कल्ल्यांनी श्वास घेणाऱ्या जीवाला त्यात घुसमटावे लागते. किंचित जड असे साधे पाणी त्याला मानवते. नळाचे पाणी असेल तर त्यातील क्लोरीन घालविणारे द्रावण वापरावेच लागते.

दुसरी चूक खड्यांची. तिसऱ्या दिवशी नातू शाळेतून आला तेव्हा पोवळ्याच्या तोंडात एक निळा खडा होता. तो त्याने थुंकला, हे आमचे सुदैव. अ‍ॅक्सोलॉटल भक्ष्य चावत नाही. तोंड उघडून पाण्यासह आत ओढतो. समोर खडा असेल तर खडाही आत जातो आणि आतड्यात अडकला म्हणजे पिल्लू फुगते, खाणे सोडते आणि बहुधा दगावते. म्हणून पिल्लाच्या टाकीचा तळ मोकळाच ठेवावा. लपायला एखादी गुळगुळीत नळी किंवा मडक्याचा घासलेला तुकडा पुरे. डोळ्यांना पापण्या नसल्यामुळे त्याला प्रखर दिवाही सोसत नाही.

तिसरी चूक सर्वांत मोठी आणि डोळ्यांना न दिसणारी. पाणी काचेसारखे स्वच्छ होते, फिल्टर चालू होता, तरी पाचव्या दिवशी पोवळ्याचे कल्ले पुढच्या बाजूला वळले, शेपटीचे टोक आकड्यासारखे वाकले आणि त्याने अन्नाकडे पाठ फिरवली. आम्ही पुण्यातील एका पशुवैद्यांना दूरध्वनी केला. परदेशी प्राण्यांवर उपचार करणारे वैद्य मोजकेच असतात. आमच्या तालुक्यात गाई-म्हशींचे उत्तम डॉक्टर आहेत, पण हा रुग्ण त्यांच्याही परिचयाचा नव्हता. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, “पाण्यातला अमोनिया मोजला का?” आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो.

गोष्ट अशी आहे. प्राण्याच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या अन्नातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो कल्ल्यांना भाजल्यासारखा पोळतो. जुन्या, स्थिरावलेल्या टाकीत फिल्टरवर सूक्ष्म जिवाणू वसलेले असतात. एका जातीचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसऱ्या जातीचे त्याचे नायट्रेट करतात, ते पुष्कळच सौम्य. ही व्यवस्था बसायला साधारणतः चार ते आठ आठवडे लागतात. म्हणजे टाकी आधी बसवायची आणि प्राणी दोन महिन्यांनी आणायचा, हा खरा क्रम. दुकानदाराने दोन्ही एकाच पिशवीत दिले आणि आम्हीही विचारले नाही. शिवाय आमच्या बोअरचे पाणी काहीसे अल्कधर्मी. अशा पाण्यात आणि वाढत्या उष्णतेत तोच अमोनिया अधिक घातक ठरतो.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून पोवळ्याला टाकीतून काढून खाद्यपदार्थांसाठी वापरतात तशा नव्या प्लास्टिकच्या टबात ठेवले आणि त्याचे सर्व पाणी दररोज बदलू लागलो. नवे पाणी आदल्या दिवशी भरून ठेवायचे, दोन्हींचे तापमान जुळवायचे, मगच बदलायचे. इकडे रिकाम्या टाकीत जिवाणूंची वस्ती बसविण्याचे काम डॉक्टरांच्या मार्गदर्शनाने सुरू राहिले. पाणी तपासण्याची पेटी आणली. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट वीसच्या आत, हे आमचे लक्ष्य. चार दिवसांत कल्ले पुन्हा मागे वळले आणि नातवाने त्या दिवशी पोटभर जेवण केले.

येथे मी नातवाला एक काम दिले. आपल्या पेढीवर रोजमेळ असतो. दिवस मावळण्यापूर्वी जमा-नावे लिहिल्याशिवाय आपण उठत नाही. तशीच एक वही त्याला दिली. तारीख, सकाळ-संध्याकाळचे तापमान, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, किती खाल्ले, विष्ठा झाली की नाही, कल्ल्यांची स्थिती. पुढे याच वहीने पोवळ्याचा जीव वाचविला. मुका जीव दुखणे सांगत नाही आणि आपल्या आठवणीवर भरवसा ठेवावा तर तिला कालचे आणि परवाचे वेगळे करता येत नाही. ज्यांच्या घरी असा प्राणी आहे त्यांनी औषधांच्या आधी वही आणावी.

आता त्या प्रश्नाकडे येतो, ज्यासाठी आपल्यापैकी बहुतेकांनी हा लेख वाचायला घेतला असेल. हा प्राणी खातो काय?

उत्तर टाळण्यात अर्थ नाही. अ‍ॅक्सोलॉटल संपूर्ण मांसाहारी आहे. गांडुळे, किड्यांच्या अळ्या, लहान जलचर हेच त्याचे अन्न. पालक, डाळ, पनीर यांवर तो जगू शकत नाही. तसा प्रयत्न करणे म्हणजे त्याला हळूहळू उपाशी मारणे. पिल्लाला तर दररोज अन्न लागते. प्रौढाला दोन-तीन दिवसांआड चालते. दुकानदाराने दिलेल्या डबीवर केवळ ‘खाद्य’ असे लिहिले होते. आत काय आहे हे सूनबाईंनी वाचले तेव्हा घरात दोन दिवस कोणी कोणाशी नीट बोलले नाही. द्वींद्रिय, त्रींद्रिय जीवांना धक्का लागू नये म्हणून रात्रीचे भोजन वर्ज्य करणाऱ्या, पाणी गाळून पिणाऱ्या घरात आम्ही स्वतःच्या हाताने हा प्रश्न आणून ठेवला होता.

सौभाग्यवती म्हणाल्या, “हा जीव परत करून या.” चिरंजीव दुकानात गेले; दुकानदाराने नकार दिला. कोणी सुचविले, त्याला कोरेगावला भीमेत सोडून द्यावे, अभयदानाचे पुण्य लागेल. माझ्या मनातही तो विचार आला होता, हे कबूल करतो. परंतु डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की, ते अभयदान नव्हे. मेक्सिकोच्या थंड पाण्यातला हा जीव आपल्या नदीच्या कोमट पाण्यात तडफडून मरेल. आणि मरण्यापूर्वी पाळीव उभयचरांत आढळणारी बुरशी किंवा विषाणू आपल्या बेडकांना देऊन जाण्याचा धोका राहील. एक जीव सोडवल्याचे समाधान आपल्याला आणि मृत्यू अनेकांच्या वाट्याला. पाळलेला परदेशी प्राणी नदीत, तळ्यात वा विहिरीत कदापि सोडू नये.

अहिंसा-अणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठशाळेत पाठ केले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. त्या रात्री मला प्रथमच जाणवले की, पहिला आणि पाचवा आमच्या बैठकीच्या खोलीत एकाच काचेच्या पेटीत समोरासमोर उभे आहेत. पेटीत कोंडले तो बंध. आणि शुद्धतेच्या नावाखाली अन्न तोडले तर तो अन्नपाननिरोध. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत शेवटचे असतीजनपोषण. त्यात हिंस्र प्राणी पोसून त्यावर द्रव्य कमावण्याचा निषेध येतो. आम्ही व्यापारासाठी पोसत नव्हतो, हे खरे. परंतु ज्याने तो व्यापारासाठी पोसला त्याला पैसे आम्हीच दिले होते.

हा पेच आपल्याला नवा नाही. पांजरापोळ चालविणाऱ्या आपल्या पूर्वजांपुढे तो उभा राहिला होता. मुंबईचे पांजरापोळ १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने सुरू झाले. तेथे रस्त्यावरची कुत्रीही आसऱ्याला येत. दिल्लीच्या लाल मंदिरातील पक्ष्यांचे धर्मार्थ रुग्णालय १९२९ पासून जखमी कबुतरे, चिमण्या, पोपट यांची विनामूल्य सेवा करीत आले आहे. तेथे मांसाहारी पक्ष्याला बाहेरच्या बाहेर औषधपाणी देण्याची, पण वॉर्डात दाखल न करण्याची रीत राहिली. त्याच दिल्लीत नदीम शहजाद आणि मोहम्मद सऊद या भावांनी जखमी घारींसाठी स्वतःच्या घरी दवाखाना मांडला. त्यांच्यावरील ‘ऑल दॅट ब्रीद्स’ हा शौनक सेन यांचा माहितीपट २०२२ मध्ये जगभर गाजला. दोन्ही ठिकाणी जीवदयाच आहे; सीमारेषा मात्र निरनिराळ्या ठिकाणी आखलेली आहे. आपली कोठे आखायची, हे प्रत्येक घराला स्वतःच ठरवावे लागते.

आमच्या घरी निर्णय सौभाग्यवतींनीच दिला. त्या म्हणाल्या, “आणले आपण. त्याने आपल्याकडे यायचे म्हटले नव्हते. आता उपाशी ठेवून आपला चौका शुद्ध कसा राहील?” त्यानुसार ठरले ते असे : घरात जिवंत भक्ष्य आणायचे नाही, बुडणारे मऊ गोळीखाद्य द्यायचे. त्यातही माशांची भुकटी असते, हे आम्ही स्वतःपासून लपवीत नाही. खाद्य, ड्रॉपर, बादली, टॉवेल हे सारे दुकानामागच्या गोदामातील कपाटात राहील. स्वयंपाकघरात, फ्रिजमध्ये किंवा देव्हाऱ्याजवळ त्यांतले काही येणार नाही. डॉक्टरांचे म्हणणे असे की, गांडुळे हा अधिक सकस आहार. पण आपल्याकडे गांडूळखतासाठी वाढवितात ती तांबडी गांडुळे एक कडवट द्रव सोडतात आणि बरेच अ‍ॅक्सोलॉटल ती थुंकून टाकतात. पोवळे गोळ्यांवर वाढते आहे तोवर त्यांनी आमचा निर्णय मान्य केला. वजन घटले तर पुन्हा बोलू, असेही बजावले. आम्ही होय म्हटले आहे. तो दिवस येऊ नये, इतकीच इच्छा.

स्वयंपाकघराचा नियम केवळ सोवळ्याचा नाही. उभयचर प्राण्यांच्या अंगावर व पाण्यात साल्मोनेला हे जिवाणू असू शकतात. त्यांनी माणसाला जुलाब-ताप होतो. टाकीचे पाणी सिंकमध्ये ओतू नये, प्रत्येक वेळी साबणाने हात धुवावेत आणि पाच वर्षांखालील मुलांना टाकीत हात घालू देऊ नये. उलट बाजूनेही तेच. साबण, अत्तर, हातावरचे मलम यांचा अंश असलेला हात पाण्यात गेला तर तो त्याच्या त्वचेतून आत जातो. डासांचा फवारा तर त्या खोलीत मारूच नये. त्यांतील औषधे जलचरांना अतिशय घातक असतात.

मार्च सरला आणि खरी परीक्षा सुरू झाली. अ‍ॅक्सोलॉटलला सोळा ते अठरा अंशांचे पाणी हवे; वीसपर्यंत चालते; चोविसाच्या पुढे त्याचे शरीर झगडू लागते. एप्रिलात आमच्याकडे पारा चाळिशीला टेकतो, महामार्गालगतच्या घरांचे पत्रे आणि भिंती रात्रीही तापलेल्या असतात. पाच एप्रिलला टाकीचे पाणी सत्तावीस अंशांवर गेले. आम्ही पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंखा लावला. बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरले. बाटल्यांत पाणी गोठवून त्या आळीपाळीने टाकीत ठेवल्या. परंतु बर्फ वितळला की पारा पुन्हा चढे, आणि ही चढउतार उष्णतेइतकीच बाधते. अशातच एका दुपारी पाच तास वीज गेली.

दुसऱ्या दिवशी डाव्या बाजूच्या एका कल्ल्यावर कापसासारखा पांढरा पुंजका दिसला. ही पाण्यातली बुरशी. निरोगी प्राण्याला ती सहसा धरत नाही. उष्णतेने व अस्वच्छतेने खचलेल्याला धरते. नातवाने वही उघडून दाखविली : तीन दिवस तापमान चोविसाच्या वर, दोन दिवसांत खाणे अर्ध्यावर, त्यानंतर पुंजका. डॉक्टरांनी वहीचे छायाचित्र मागविले आणि ते पाहून म्हणाले, “औषध देईन, पण रोग पाण्यात आहे. आधी पाणी थंड करा.”

कोणी मिठाच्या पाण्याची अंघोळ सुचवील, कोणी माशांचे निळे-हिरवे औषध. मिठाचा उपाय खराच आहे. परंतु मात्रा, वेळ आणि मिठाचा प्रकार चुकला तर पिल्लाचे कल्ले जळतात. माशांसाठी विकली जाणारी, तांबे किंवा मॅलाकाइट ग्रीन असलेली औषधे उभयचरांना विषासारखी ठरू शकतात. म्हणून येथे मी मात्रा लिहीत नाही. ती तुमच्या पिल्लाचे वजन व स्थिती पाहून वैद्यानेच सांगायची.

पोवळ्याला टबासह माझ्या खोलीत हलविले, कारण घरात वातानुकूलन तेवढ्याच खोलीत होते. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे मला गार हवा सोसत नाही, म्हणून मी ओसरीवर झोपू लागलो. नातू जमिनीवर सतरंजी टाकून टबाशेजारी झोपे. तिसऱ्या रात्री दोन वाजता त्याने मला उठविले. “दादाजी, ते तरंगतंय. खाली जात नाहीये.” टॉर्चच्या उजेडात ते इवलेसे शरीर पाण्यावर तिरपे पडलेले दिसले. मुलाने विचारले, “आपण आणलं नसतं तर ते जगलं असतं ना?” माझ्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही दोघे तेथेच बसलो. मी नवकार म्हणू लागलो, त्यानेही म्हटला. पहाटेपर्यंत त्याने तीनदा तापमान मोजले आणि वहीत लिहिले.

सकाळी डॉक्टरांनी सांगितले की, पोटात वायू धरला असावा. दोन दिवस अन्न देऊ नका, पाणी उथळ ठेवा, म्हणजे त्याला तळाला टेकता येईल. दुसऱ्या संध्याकाळी विष्ठा झाली आणि पोवळे खाली बसले. दहा दिवसांत बुरशी गेली. डाव्या बाजूचा एक कल्ला मात्र झडून निम्मा राहिला. आता आषाढात तो पुन्हा वाढतो आहे. नवी पिसे जुन्यांहून फिकी आहेत. टाकीला अखेर पाणी थंड करणारे यंत्र बसविले. त्याच्या किमतीत दुकानात वर्षभर पुरेल इतका माल भरता आला असता, असे चिरंजीव म्हणाले आणि लगेच ओशाळले.

आता पावतीकडे परत येतो. हा प्राणी १९७५ पासून वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. ती एप्रिल २०२३ पासून अमलात आली आणि त्या परिशिष्टांतील जाती चौथ्या अनुसूचीत आल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने अशा जिवंत प्राण्यांच्या नोंदणीचे नियम जाहीर केले. त्यांनुसार असा प्राणी बाळगणाऱ्याने, तसेच त्याचा जन्म, मृत्यू वा हस्तांतर झाल्यास, ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावरून मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नोंद करावयाची असते. ज्या व्यापाऱ्याला कायद्याची चाड आहे तो तुम्हाला कागद देईल. जो कागद देत नाही त्याच्याकडून जीव घेऊ नये. आम्ही ही गोष्ट उशिरा शिकलो आणि आता वन विभागाकडे आमच्या सल्लागारांमार्फत रीतसर कळविले आहे.

ज्यांच्या घरी असे पिल्लू आधीच आले आहे, त्यांनी रोज सकाळी पाच गोष्टी पाहाव्यात : पाण्याचे तापमान, कल्ल्यांची दिशा व पिसारा, अंगावर पांढरे वा लाल डाग, खाण्याची इच्छा, आणि ते तळाशी शांत बसते की सारखे वर येते. यांतील दोन गोष्टी एकाच दिवशी बिघडल्या तर वाट पाहू नये. पाणी तपासावे आणि वैद्यांना विचारावे. वैद्य कोण, हे प्राणी आजारी पडण्याआधी शोधून ठेवावे. उन्हाळ्यात वीज गेल्यास बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी असावा. दोन पिल्ले एकत्र ठेवू नयेत; या वयात ती एकमेकांचे पाय तोडतात. ते पाय पुन्हा उगवतात, पण वेदना झालीच.

आणि ज्यांनी अजून आणले नाही, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे की, आणू नका. नीट सांभाळले तर हा जीव दहा-पंधरा वर्षे जगतो. माझा नातू तोपर्यंत अठ्ठावीस वर्षांचा होईल. शिक्षणासाठी, व्यवसायासाठी कोठे असेल कोण जाणे. तोवर दर उन्हाळ्यात थंड पाणी आणि दर आठवड्याला ते खाद्य, ही देणेदारी आमच्या घराच्या नावे लिहिली गेली आहे. ती आम्ही फेडू. परंतु एका हट्टाच्या क्षणी, विचार न करता सही केलेला तो दस्तऐवज होता, हे विसरणार नाही.

चातुर्मास तोंडावर आला आहे. आपल्या प्रथेप्रमाणे घरातील प्रत्येकाने एकेक नियम घेतला. सौभाग्यवतींनी तपाचा, सूनबाईंनी मौनाचा. नातवाने स्वतःहून सांगितले, “मी कधी कुठलाही जीव विकत घेणार नाही आणि पोवळ्याची वही एक दिवसही चुकवणार नाही.” पहिला नियम सोपा आहे. दुसरा त्याने काल रात्री पावणेदहा वाजता, झोपेने डोळे मिटत असताना पाळला. आज सकाळची नोंद मी पाहिली : तापमान अठरा, अमोनिया शून्य, खाल्ले तीन गोळ्या, डावा कल्ला किंचित वाढला.

आपल्या घरच्या अशाच अनुभवांची पत्रे येऊ द्यावीत. पुढील महिन्यात पर्युषणापूर्वी दुकानाचे वेळापत्रक कसे लावावे, याविषयी बोलू.

जय जिनेंद्र.